औशाचा पांढरा कडुनिंब

माणसाच्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी दिसतात. इंद्रधनुष्य, पैठण्या आणि सर्व पक्षांचे झेंडे एवढ्यातच उरकतात. तांबड्याच्या पलीकडच्या प्रकाशाला अवरक्त किंवा इन्फ्रारेड म्हणतात. तो १८०० साली विल्यम हर्शेल यांना सापडला. लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात तापमापक ठेवून कोणता रंग किती तापवतो हे ते पाहत होते. तांबड्याच्या बाहेर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथल्या तापमापकाचा पारा सगळ्यांत वर चढला. लातूर जिल्ह्यातल्या औशात या प्रयोगाला लोलक लागत नाही. वैशाखात दुपारी दोन वाजता बसस्टँडवर उभे राहिले की न दिसणारा प्रकाश असतो याबद्दल शंका उरत नाही. सूर्याकडून जमिनीवर पोचणारी जवळपास निम्मी ऊर्जा या अदृश्य भागात असते आणि लातूर जिल्ह्याच्या वाट्याला ती कधी कमी पडल्याची तक्रार कोणी केलेली नाही.

डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉनला सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंत दिसते. म्हणजे कॅमेरा जन्मतःच मालकापेक्षा जास्त पाहतो. हे कंपनीला परवडत नाही, कारण अवरक्त प्रकाश आत आला की रंग बिघडतात आणि ग्राहक भांडायला येतो. म्हणून सेन्सरच्या पुढ्यात एक फिकट निळसर-हिरवट काच बसवलेली असते. लग्नघराच्या दारात उभ्या केलेल्या मामासारखी ती ओळखीच्यांना आत सोडते आणि बाकीच्यांना मांडवाबाहेर ठेवते. तरी मामाचा डोळा चुकवून थोडे लोक आत शिरतातच. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले तर बऱ्याच फोनवर रिमोटच्या टोकाचा दिवा जांभळट लुकलुकताना दिसतो. तो ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश असतो. रिमोट बिघडला की सेल गेले हे पाहण्याची ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे. रिमोट तळहातावर आपटण्याची पद्धत अधिक प्रचलित आहे.

अवरक्त फोटो काढण्यासाठी कॅमेऱ्यात बदल करणे म्हणजे सेन्सरपुढची ही काच काढणे. सांगायला सोपे आहे. बारीक स्क्रू निघतात, पाठीचे झाकण उघडते, कागदाइतक्या पातळ रिबन केबली एकेक करून सोडवाव्या लागतात, मग मदरबोर्ड आणि त्याच्या खाली सेन्सर. वाटेत फ्लॅशचा कपॅसिटर भेटतो. बॅटरी काढून ठेवली तरी त्यात तीनेकशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात आणि तो आपली ओळख एकदाच, पण नीट करून देतो. काच काढून जागा मोकळी सोडली तर फोकस चुकतो, कारण काचेतून जाताना किरणांचा जो हिशेब जमवलेला होता तो मोडतो. म्हणून तेवढ्याच प्रकाशीय जाडीची दुसरी काच बसवतात. ती पूर्ण पारदर्शक असेल तर कॅमेरा ‘फुल स्पेक्ट्रम’ होतो. अतिनीलाचा थोडा भाग, सगळा दृश्य प्रकाश आणि जवळचा अवरक्त असे सगळेच त्याला दिसू लागते. काळ्या मातीची धूळ या कामाची मोठी वैरीण आहे. सेन्सर आणि काच यांच्यामध्ये तिचा एक कण अडकला तर तो पुढच्या प्रत्येक फोटोत हजर राहतो. सगळे जोडून झाल्यावर टेबलावर एखादा स्क्रू शिल्लक राहतो, हा या विद्येतला सार्वत्रिक नियम आहे.

सगळे दिसणाऱ्या कॅमेऱ्याला धड काहीच दिसत नाही, म्हणून आता लेन्सवर फिल्टर चढवावा लागतो. म्हणजे आतली काच फोडून काढायची आणि बाहेर दुसरी विकत घ्यायची. ७२० नॅनोमीटरचा फिल्टर तांबड्याचा शेवटचा काठ आणि पुढचा अवरक्त आत घेतो. ८५० चा फिल्टर शुद्ध अवरक्त देतो आणि चित्र कृष्णधवल येते, कारण सेन्सरवरचे लाल, हिरवे आणि निळे ठिपके तिथे सारखेच पारदर्शक होतात. ५९० चा फिल्टर झाडे सोनेरी करतो. हे फिल्टर न बदललेल्या कॅमेऱ्यावरही चालतात, पण मग आतली काच प्रकाश अडवते, शटर बरेच सेकंद उघडे ठेवावे लागते, तिपाई लागते आणि तोवर वाऱ्याने झाड हलते. बदललेल्या कॅमेऱ्यात तेच काम हातात धरून क्षणात होते.

पहिला फोटो मात्र गुलालात बुडवून काढल्यासारखा लालभडक येतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स हिरव्या गवतावर धरून ठरवावा लागतो. म्हणजे गवताला पांढरे समज, असे कॅमेऱ्याला सांगायचे. तो निमूटपणे समजतो. मग संगणकावर लाल आणि निळ्या वाहिन्यांची अदलाबदल केली की आकाश निळे आणि झाडे पांढरी होतात.

झाडे पांढरी का होतात, याचे श्रेय अनेकदा हरितद्रव्याला दिले जाते. ते चुकीचे आहे. हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश खाते. अवरक्ताशी त्याला देणेघेणे नसते. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या अवरक्त प्रकाश इकडे तिकडे उधळतात आणि त्यातला बराचसा परत बाहेर फेकतात. रॉबर्ट वूड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९१० मध्ये असे फोटो छापले, म्हणून या पांढरेपणाला वूड परिणाम म्हणतात.

इथे औशाची अडचण सुरू होते. प्रकाश मुबलक आहे, पण पान हवे. जून कोरडा गेला तर काळ्या रानात पांढरे होण्यासाठी काही उरतच नाही. पाऊस पडला तर श्रावण-भाद्रपदात सोयाबीन मैलोन्‌मैल बर्फासारखे दिसते. औशात बर्फ पडल्याचा पुरावा हवा असेल तर हाच एक मार्ग आहे. सोयाबीन निघाले की तूर डिसेंबरपर्यंत साथ देते. ऊस बारमाही पांढरा असतो, पण लातूर जिल्ह्यात उसाचे आणि पाण्याचे नाव एका वाक्यात घेतले की वेगळाच विषय निघतो. उरतो कडुनिंब. चैत्रात, सगळे रान उघडे पडलेले असताना, त्याला नवी पालवी फुटते आणि काळ्या मातीवर एकटा पांढराशुभ्र कडुनिंब उभा राहतो. या जातीच्या छायाचित्रणात एवढा सुंदर विषय दुसरा नाही.

वेळेची मात्र चंगळ आहे. इतर छायाचित्रकार पहाटे उठतात किंवा सूर्यास्ताची वाट पाहतात. अवरक्तवाल्याला कडक उन्हाची भरदुपार लागते, म्हणजे औशातली शहाणी माणसे घरात असतात ती वेळ. गर्दी नसते आणि मध्ये येऊन कोणी सेल्फी काढत नाही. भुईकोट किल्ला खोलगट जागी आहे. दूरची फौज किल्ल्यातून दिसावी पण फौजेला किल्ला दिसू नये अशी ती रचना असल्याचे सांगतात. अवरक्तात त्याची दुहेरी तटबंदी गडद येते, दगडांच्या फटींतले गवत पांढरे उठते, पाऊस होऊन खंदकात पाणी साचले असेल तर ते काळेकुट्ट दिसते, कारण अवरक्तात पाणी फारच कमी प्रकाश परतवते. लांबच्या टेकड्या कातरून काढल्यासारख्या स्पष्ट होतात. हवेतल्या रेणूंमुळे निळा प्रकाश जास्त विखुरतो आणि अवरक्त फार कमी, म्हणून मधला निळसर पडदा नाहीसा होतो. दुरून डोंगर साजरे दिसतात ते त्या पडद्यामुळे. हा कॅमेरा डोंगराच्या अंगावरची खाणसुद्धा दाखवतो. धुके आणि धुळीपुढे मात्र त्याचे काही चालत नाही.

लग्नसमारंभात हा कॅमेरा नेऊ नये. नवरदेवाचा काळा ब्लेझर कृत्रिम धाग्याचा असेल तर तो पांढरट येतो आणि त्याच काळ्या रंगाची पँट काळीच राहते, किंवा उलट. कोणता काळा खरा काळा, हे कपड्याच्या दुकानदारालाही सांगता येत नाही. फिल्टर न लावता फोटो काढला तर ब्लेझर जांभळट होतो. २००६ मध्ये लायका कंपनीच्या एम८ या महागड्या कॅमेऱ्यात हेच झाले. आतली काच पातळ ठेवल्यामुळे काळे कोट जांभळे येऊ लागले आणि कंपनीने ग्राहकांना फिल्टर फुकट वाटले. मंडपातली कोला अवरक्तात पाण्यासारखी निर्मळ दिसते. मामांचा काळा गॉगल अनेकदा आरपार दिसतो आणि ते अक्षता टाकताना कोणाकडे पाहत होते ते कळते. प्रकाश कातडीच्या थोडा आत शिरून परतत असल्याने चेहऱ्यावरचे डाग-पुटकुळ्या पुसट होतात, वर्ण दुधाळ होतो आणि मनगटावरच्या शिरा उमटतात. गोरे करण्याचा दावा करणाऱ्या कोणत्याही मलमापेक्षा हा उपाय खात्रीचा आहे. फक्त माणूस जरा मेणाचा वाटतो.

काजळी मात्र काळीच राहते, कारण कार्बन अवरक्तही गिळतो. आजीच्या हातावरचे, उन्हाने आणि वयाने पुसट झालेले गोंदण म्हणूनच अशा फोटोत ठळक दिसू शकते. काजळाच्या शाईने लिहिलेला जुना मोडी कागद पाण्याच्या आणि वाळवीच्या डागांनी पिवळा-तपकिरी झाला असेल, तर अवरक्तात बरेचदा डाग विरतात आणि अक्षर वर येते. शेतजमिनीच्या वादात ते नेहमीच सर्वांना हवे असते असे नाही.

असा फोटो आपला कधी निघाला नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी आधार केंद्र आठवावे. बुबुळाचा ठसा अवरक्त प्रकाशातच घेतात. भारतीय डोळे गडद तपकिरी. साध्या प्रकाशात त्यांची वीण दिसत नाही, अवरक्तात ती उलगडते. पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. तेव्हापासून कोट्यवधी लोकांचा एक बरा फोटो सरकारजमा आहे आणि कार्डावर दुसराच छापलेला आहे.

या कॅमेऱ्याला उष्णता दिसते हा समज खोटा आहे. अंगाची ऊब दहा हजार नॅनोमीटरच्या आसपासच्या लहरींत बाहेर पडते; सिलिकॉन अकराशेलाच थांबते. ताप आला की नाही हे सांगणारे यंत्र वेगळे, त्याची काच वेगळी आणि किंमतही वेगळी. अतिनीलाचीही गोष्ट अशीच. सूर्यफुलाच्या पाकळ्यांच्या बुडाशी मधमाशीला दिसणारे गडद वर्तुळ फुल स्पेक्ट्रम कॅमेरा टिपू शकतो, पण साध्या लेन्सची काच अतिनील बराचसा अडवते. खास लेन्स घेण्यापेक्षा मधमाशीला विचारणे स्वस्त पडते.

पांढऱ्या पानाचा गंभीर उपयोग आकाशातून होतो. १९७० मध्ये हवामानशास्त्रज्ञ प्रा. पिशारोटी यांच्या चमूने हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर केरळातल्या नारळबागा टिपल्या आणि रोगट माड वेगळे ओळखले. भारतातल्या दूरसंवेदनाची ती सुरुवात मानली जाते. १७ मार्च १९८८ रोजी सुटलेल्या आयआरएस-१ए उपग्रहावरच्या कॅमेऱ्यांत अवरक्ताची स्वतंत्र पट्टी होती. नुसता पांढरेपणा पुरत नाही, कारण पिवळे पडू लागलेले सोयाबीनही अवरक्तात बऱ्यापैकी उजळ असते. म्हणून अवरक्तातून तांबडा वजा करून दोघांच्या बेरजेने भागतात. हिरवे पान तांबडा खाते, म्हणून उत्तर मोठे येते. वाळलेल्या रानात ते शून्याकडे सरकते. या आकड्याला एनडीव्हीआय म्हणतात. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ नियमावलीत पाऊस, जमिनीतली ओल आणि पाणीसाठ्यांच्या जोडीला तो बसवलेला आहे. पूर्वी पैसेवारीवर गावोगाव जे वाद व्हायचे, ते आता उपग्रहाशी घालावे लागतात. निर्देशांक कितीही बोलके असले, तरी दुष्काळ जाहीर करण्यापूर्वी निवडक गावांत माणूस पाठवून, शेतात उभे राहून, पीक डोळ्यांनी पाहून यावे, असे त्याच नियमावलीत लिहिले आहे.