आधीचंच बरं होतं

विंडोजची नवी आवृत्ती आली, की आठवड्याच्या आत ‘आधीचंच बरं होतं’ असा निकाल देणारा गृहस्थ प्रत्येक कचेरीत असतो. वय पन्नाशीच्या पुढे, हुद्दा बहुधा हेडक्लार्क, आणि शिक्षण म्हणजे वेतनवाढ अडू नये म्हणून केलेली एमएस-सीआयटी.

यातलं ‘आधीचं’ म्हणजे कोणतं, हे काळाप्रमाणे बदलतं. 2001 साली एक्सपी आली, तेव्हा तिचा निळा पट्टा आणि हिरवं बटण त्याला पोरखेळ वाटले. 2007 साली व्हिस्टा आली आणि त्याच एक्सपीला सोन्याचे दिवस आले. व्हिस्टा ऊठसूट परवानगी मागते, हा त्याचा मुख्य आक्षेप. वास्तविक कचेरीत त्याची परवानगी मागणारं तेवढं एकच होतं. 2008 साली मायक्रोसॉफ्टने व्हिस्टाला नाकं मुरडणाऱ्यांना तीच व्हिस्टा ‘मोहावी’ या नावाने दाखवली; पुष्कळांना ती आवडली. हे ऐकून गृहस्थ म्हणतो, ‘‘मग मोहावीच का नाही आणली?’’

तरीही त्याला सरसकट हसता येत नाही. 2012 साली विंडोज 8 मधून स्टार्टचं बटण गेलं, तेव्हा तो शंभर टक्के बरोबर होता. माउस सवयीने डाव्या कोपऱ्यात जायचा, तिथे काहीच नसायचं. मशीन बंद करायची सोय पार उजवीकडे, सेटिंग्जच्या पोटात. ती सापडेना, म्हणून संध्याकाळी तो सरळ भिंतीवरचं बटण दाबून घरी जाई. पुढच्या वर्षी 8.1 मध्ये स्टार्टचं बटण परत आलं, ते आपण केलेल्या बोंबाबोंबीमुळेच, असं तो मानतो. पेजमेकरवर श्रीलिपी चालवणारा डीटीपीवालाही याच गटात धरतात, पण ते अन्यायाचं आहे. नव्या विंडोजवर त्याचे फाँट रुसले, तर लग्नपत्रिका अडते.

उलट बाजूला हौशी तरुण असतो. तो पहिल्याच रात्री फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकतो, सकाळी तिचे गोडवे गातो आणि दुपारी प्रिंटरचा ड्रायव्हर शोधत बसतो. त्याच्याविषयी अधिक सांगण्यासारखं नाही.

2015 साली विंडोज 10 वर्षभर फुकट मिळत होती. ‘फुकट देतायत म्हणजे काहीतरी गोम आहे,’ म्हणून गृहस्थाने ती घेतली नाही. शेवटी तरुणानेच ती त्याच्या मशीनवर टाकली. 2021 साली विंडोज 11 आली. ती घ्यायचा त्याचा मुळीच विचार नव्हता. पण टीपीएम 2.0 नसल्यामुळे त्याचं मशीन तिला चालणार नाही, असं पडद्यावर झळकलं, तेव्हा नकार आपल्याऐवजी तिनेच दिला, हे त्याला फार लागलं. 14 ऑक्टोबर 2025 ला दहाचा आधार संपला. नव्या मशीनसाठीचा अर्ज त्याने भरून ठेवला आहे. त्यावर ‘शक्यतो विंडोज 10 सह’ अशी टीप आहे.