चेक तयार आहे, सही राहिलीय

भिवंडीजवळच्या दापोड्याच्या गाळ्यात बसलेला माणूस दिसला की त्याला सल्ला द्यायचा, असा बहुधा नियम असावा. बँकवाला म्हणतो, कर्ज घ्या. सीए म्हणतो, कर्ज आवरा. भाचा म्हणतो, मामा, इन्स्टाग्रामवर या. आणि ठाण्यातल्या हॉटेलात उद्योजक शिबिर भरवणारा सूटवाला म्हणतो, माइंडसेट बदला.

शिबिराची फी तो आगाऊ घेतो. त्या अख्ख्या दिवसात शिकण्यासारखं तेवढंच असतं.

माणकोली नाक्यावरून आत वळा. गोदामामागे गोदाम, त्यामागे आणखी गोदाम. हे इथे कशाला आलं? मुंबईत माल शिरला की जकात लागायची. मग माल हद्दीबाहेरच थांबू लागला. जमीन स्वस्त, ग्रामपंचायतीचा कर हलका. बघता बघता भातखाचरांवर पत्रे चढले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली.

जकात गेली म्हणून गाळ्याचं भाडं उतरलं, असं मात्र अजून कुणी भेटलेलं नाही.

रस्त्याच्या तोंडाला मोठ्या कंपन्यांची गोदामं, ऑनलाइन विक्रीवाल्यांची. त्यांच्या आडोशाला खरा लहान धंदा: खोके बनवणारा, टेपवाला, लेबल छापणारा, रिपॅकिंगवाला, लाकडी पॅलेट ठोकून देणारा, दोन टेम्पोंचा मालक. देशाला दुसऱ्या दिवशी घरपोच पार्सल हवं असतं. ते ज्या खोक्यातून येतं त्याचे पैसे खोकेवाल्याला कधी पोचतात?

तीन महिन्यांनी. तेही साहेब गावात असले तर.

विसाव्या दिवशी फोन केला की ‘बिल मिळालं नाही’. पंचेचाळिसाव्या दिवशी ‘सिस्टीममध्ये एंट्री झाली नाही’. साठाव्या दिवशी ‘चेक तयार आहे शेठ, फक्त सही राहिलीय’. पंचाहत्तराव्या दिवशी सही करणारे साहेब गावी गेलेले असतात. नव्वदाव्या दिवशी ‘अहो, नवीन ऑर्डर टाकतोय ना, त्यातच बघू’. साहेबांचा स्वतःचा पगार मात्र एक तारखेलाच होतो.

तीन महिने वापरायला पैसे, व्याज शून्य, तारण शून्य. असं कर्ज कुठलीच बँक कुणाला देत नाही. खोकेवाला देतो, आणि वर दिवाळीला मिठाईचा डबाही नेऊन देतो.

सरकार यात कुठे आहे? अगदी वेळेवर आहे. मालावर १८ टक्के जीएसटी असेल, तर लाखाचं बिल फाडलं की १८ हजारांचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा. तिमाही विवरण भरणाऱ्यालाही पैसे महिन्याच्या महिन्यालाच भरावे लागतात. पार्टीनं दमडी दिलेली नसली तरी. म्हणजे जो पैसा अजून खिशात आलाच नाही त्यातला हिस्सा आधी द्यायचा, तोही खिशातून.

हप्ता चुकला तर व्याज लागतं. तुम्हाला. पार्टीला नव्हे.

मग आपण बँकेत जातो. मुद्रा योजना २०१५ पासून आहे, दहा लाखांपर्यंत. ‘तरुण’ गटातलं आधीचं कर्ज नीट फेडलेल्याला २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर वीस लाखांपर्यंत. लहान उद्योगाला ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेनं केव्हाच सांगून ठेवलंय. कर्ज मिळतंही. पण कशासाठी घेतलं? यंत्र घ्यायला? नाही, पार्टीनं अडकवलेली रक्कम भरून काढायला. बिनव्याजी द्यायचं, व्याजानं आणायचं. मधला जो फरक गेला तो आपला नफा होता.

त्यातून काही वाचलंच, तर कॅश क्रेडिटच्या (सीसी) खात्यातून घरची हळद उरकायची. आपल्याकडे लग्नापेक्षा हळदीचा डीजे महाग. गल्ला वेगळा आणि घर वेगळं ठेवा, हा सल्ला प्रत्येक जण देतो. पुतण्याच्या हळदीत तो देणाराच पुढे नाचत असतो.

भिवंडीच्या मजुरी लूमवाल्याचं तर आणखी गंमतशीर. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं. यंत्रमाग याचा, कामगार याचा, वीजबिल याचं. कामगाराचा पगार ठरल्या दिवशी. भिवंडीत २००७ पासून टोरंटची वीज, बिलावर शेवटची तारीख ठळक छापलेली. याच्या मजुरीवर कुठलीच तारीख छापलेली नाही. वीजबिल थकलं की जोडणी तुटते. मजुरी थकली की व्यापाऱ्याला चहा पाजायचा, संबंध तुटायला नकोत म्हणून.

माग भंगारात निघाले की सगळे विचारतात, असं कसं झालं?

बरं, कायदा नाही का? आहे की. चांगला सणसणीत आहे. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, आणि तेही दरमहा चक्रवाढ. गावच्या सावकारानं वाचलं तर कायदा करणाऱ्याच्या पाया पडेल.

‘सिस्टीममध्ये एंट्री नाही’ यावरही त्यात तोड आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. म्हणजे चलनावर सही-शिक्का आणि तारीख घेतलेली असली की झालं. आपल्याकडे ती चलनं कुठे असतात? टेम्पोच्या डॅशबोर्डवर, पुढच्या काचेला उन्हात पिवळी पडत.

मग एवढा कायदा कुणी वापरत का नाही?

कारण नोटीस धाडली की पैसे कदाचित येतात. ऑर्डर मात्र नक्की जाते.

हे दिल्लीलाही उमगलं. म्हणून २०२३ च्या अर्थसंकल्पात प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं, १ एप्रिल २०२४ पासून लागू. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदतीत चुकवलं नाही, तर त्या वर्षी तो खर्च धरला जाणार नाही. प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी धरू. लहान माणसानं भांडायचंच नाही, कंपनीचा सीएच कंपनीशी भांडेल. डोकेबाज कल्पना. काही खरेदीदारांनी तिला सोपं उत्तर शोधलं. पुरवठादाराला म्हणाले, लहान उद्योग असल्याची तुमची उद्यम नोंदणीच रद्द करून टाका.

आणि काहींनी केलीसुद्धा. ऑर्डर जायला नको ना!

दापोड्याला याहून मोठा चिमटा पुढेच आहे. इथल्या कितीतरी गाळ्यांत व्यापारी बसतात: माल आणायचा, साठवायचा, विकायचा. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते. ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. ४५ दिवसांचं संरक्षण त्यांना नाही. भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या त्या प्रमाणपत्राचा वसुलीसाठी उपयोग एवढाच, की भिंत भरलेली दिसते. बनवणारा आणि सेवा देणारा मात्र कायद्यात बसतो. खोकेवाला बसतो, लूमवाला बसतो.

टेम्पोवालाही बसतो. इथे जरा शांतता पसरेल.

कारण मोठ्या कंपनीच्या नावानं बोटं मोडणारा आपला शेठ छोटा हत्तीवाल्याला काय सांगतो? ‘पार्टीचे आले की देतो.’ भाडं महिना-महिना लटकलेलं. वर माल उतरवायची वाराई कुणी द्यायची यावर दारात वाद. वाहतूकदार ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ म्हणून घसा कोरडा करतात, आणि ज्याचा माल तो नेमका जेवायला गेलेला असतो. उद्या टेम्पोवाल्यानं उद्यम क्रमांक टाकून बिल पाठवलं, तर ४५ दिवस तुमच्याही दारात येऊन उभे राहतील.

रस्त्याबद्दल न बोललेलं बरं, तरी बोलतो. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला; नागपूरहून आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर सुसाट. आमणे भिवंडी तालुक्यातच. तिथून माणकोली किती वेळ? ते ड्रायव्हरला विचारा, पण जेवणाआधी विचारू नका. ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. हा हिशेब मांडणारा माणूस माणकोली नाक्यावर अडकलेला दिसत नाही.

आता गाळा. भाडं ठरलं, डिपॉझिट दिलं, शटर उघडलं. बांधकाम परवानगी पाहिली? भोगवटा पत्र? आग विझवायची सोय? ‘सगळ्यांचं असंच आहे’ हे इथलं सर्वमान्य उत्तर. भिवंडीभोवतीच्या साठ गावांसाठी एमएमआरडीए नियोजन प्राधिकरण आहे. तिथून कारवाई आली की मालकाचा पत्रा जातो. पत्र्याखालचा माल तुमचा असतो. करार नोंदवून द्यायची जबाबदारी कायद्यानं मालकाची आहे. तिची त्याला आठवण करून देण्याची तुमची.

भिवंडीत गोदामाला आग ही बातमी आता आतल्या पानावर जाते. विमा आहे ना? आहे, हप्ता कमी बसावा म्हणून अर्ध्या मालाचा. दहा लाखांच्या मालाचा पाच लाखांचा विमा, आणि चार लाखांचं जळलं, तर कंपनी साधारण दोन लाख देते, कारण अर्धी जोखीम तुम्हीच घेतली होती. २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा विमा मिळतो. त्यात १५ टक्क्यांपर्यंत कमी रक्कम भरली तर चालवून घेतात. पन्नास टक्के चालवून घेणारा विमा अजून निघालेला नाही.

तर करायचं काय? माइंडसेट तूर्त राहू द्या. बिलबुक बदला. बिलावर उद्यम क्रमांक, मुदतीची तारीख, उशिराला व्याज, हे छापून घ्या. तेवढ्यानं पार्टी पळत असेल, तर ती माल घेऊन पळण्याआधी कळलं हे बरं.

पहिल्या ऑर्डरला अर्धे आगाऊ मागा. नाही म्हणाले तर तीस टक्के. तेही नाही म्हणाले, तर त्यांच्याकडे पैसे नाहीत किंवा नियत नाही. दोन्ही वेळी माल आपल्याच गाळ्यात शोभतो.

अर्ध्याहून जास्त विक्री एकाच पार्टीला होत असेल, तर तिला ग्राहक म्हणणं थांबवा. तो तुमचा मालक आहे. फक्त पीएफ भरत नाही.

ट्रेड्स नावाची सोय आहे. बिल ऑनलाइन चढवा, खरेदीदारानं मान्य केलं की बँका बोली लावून पैसे आधी देतात. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत नोंदणीची सक्ती झाली. प्रत्येक बिल तिथे मान्य करायची सक्ती झाली नाही. तरी विचारून बघा. आपण विचारतच नाही, हे त्यांच्या अकाउंट विभागाला पक्कं ठाऊक असतं.

आणि तो सणसणीत कायदा? तो चालू पार्टीवर चालवू नका. आटलेल्या पार्टीवर चालवा. ज्याच्याकडून ऑर्डर तशीही येणार नाही, त्याच्यावर याच कायद्यातल्या सुविधा परिषदेत अर्ज टाकायला कसली भीड? ऑनलाइन अर्जाची सोय २०१७ पासून आहे. निकाल ९० दिवसांत लागावा असं कायदा म्हणतो. परिषदेनं तो कायदा वाचला असावा अशी आशा धरू. पण खरी मेख पुढे आहे. निकाल विरुद्ध गेला आणि कंपनीला तो रद्द करून घ्यायला कोर्टात जायचं असेल, तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. तारखा पाडून दमवण्याचा त्यांचा जुना खेळ इथे फुकटात होत नाही.

चालू पार्टीला एक पत्र पुरे. ते मार्चअखेरीस नको, फेब्रुवारीतच धाडा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पोचलेल्या मालाचे ४५ दिवस ३१ मार्चच्या आत भरतात, आणि त्या तारखेला कंपनीचा सीए कुणाचं किती थकलंय याची यादी घेऊन बसलेला असतो. पत्रात दमदाटी नको, थकलेलं बिल खर्चात न धरणाऱ्या प्राप्तिकर कलमाचा उल्लेख एका ओळीत, खाली थकलेल्या बिलांचे आकडे. स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपा.

पावती टेम्पोच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.