चौकटराव

रविवारी सकाळी सातला आमच्या शनिवार पेठेतल्या बोळात एखादा गृहस्थ भर रस्त्यात गुडघे टेकून बसलेला दिसला, तर त्याला चक्कर आली असेल असं समजून पाणी आणायला धावू नये. ते चौकटराव असतात. जुन्या दाराची चौकट दिसली की ती फोटोत बसवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही, म्हणून हे नाव. पेठेनं ठेवलेलं. आईवडिलांनी कोणतं ठेवलं, ते कुणी विचारलं नाही.

वय पंचावन्न, मुक्काम बावधनला, बारावा मजला. अंगात जाकीट, त्याच्या सहा खिशांत लेन्सा आणि सातव्यात क्रीमरोल. तोंडात तुळई, कडीपाट, देवळी, अडसर. आमच्या लेखी कडीपाट म्हणजे जिथून जेवताना पानात माती पडते ती जागा. चौकटराव त्याकडे मान वर करून असे बघतात, की आपण चाळीस वर्षं चुकीच्या दिशेला बघत जेवलो असं वाटावं.

त्यांचा हिशेब सरळ आहे: जितकं पडायला आलेलं, तितकं देखणं. शनिवारवाड्याकडे ते फिरकत नाहीत. ‘१८२८ च्या आगीनंतर तिथं उरलंय काय? तटबंदी आणि तिकीट.’ विश्रामबागवाडा १८०७ चा; पण डागडुजी होऊन तो जरा तरतरीत दिसायला लागला आणि त्यांच्या मनातून उतरला. त्यांना हवा असतो नावगाव नसलेला, एका अंगानं कलंडलेला, टेकू दिलेला भाडेकरूंचा वाडा.

अशा वाड्यांची इकडे वाण नव्हती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या पुरात नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे कितीतरी वाडे बसले. जे वाचले त्यांना पुढं भाड्याच्या पावतीनं गाठलं. कायद्यानं भाडं गोठलेलं. महिना अठरा रुपयांत मालक कौलं काय चाळून घेणार, आणि अठरा रुपयांची खोली भाडेकरू काय सोडणार? मग दोघंही पावसाकडे बघत बसतात. चौकटराव तिसरे. ते उन्हाकडे बघत बसतात.

पेठेला मात्र त्यांचा अर्थ कळलाय. ज्या दारापुढं ट्रायपॉड लागला, तिथं वर्ष-दोन वर्षांत पत्रे लागतात. त्यामुळे त्यांना बघून भाडेकरू धास्तावतात. उलट पलीकडच्या एका मालकानं त्यांना घरात बोलावून चहा पाजला आणि हळूच विचारलं, ‘आमच्याकडे कधी येताय?’

फोटोआधी तासभर झाडलोट चालते. स्कूटर हटवायची, दोरीवरचे टॉवेल काढायचे, चपला आत. ‘दारासमोर वाहन लावू नये, हवा सोडली जाईल’ ही पाटी तेवढी राहू द्यायची. ती जुन्या पुण्यात मोडते, टॉवेल मोडत नाहीत. शेजारच्या वाड्यातल्या आजींच्या दारात एक निळी प्लॅस्टिकची बादली असे.

‘आजी, तेवढी बादली आत घेता का?’

‘घेते की. पण वरनं गळतंय त्याच्याखाली ओंजळ तू धरशील का?’

अखेर चार मिनिटांसाठी बादली आत गेली. जिना भिजला, फोटो निघाला. प्रदर्शनात लागला, वाखाणला गेला.

दोन वर्षांपूर्वी तो वाडा उतरवला. खांब, तुळया टेम्पोत भरून गेल्या. नवी इमारत होईपर्यंत आजींची सोय धायरीला दोन खोल्यांत झाली. चौकटराव मनानं वाईट नाहीत. त्यांनी तो फोटो मोठा करून, काच लावून आजींकडे नेला. रस्ता दाखवायला मी बरोबर होतो.

आजींनी पदरानं चष्मा पुसला. फोटो जवळ धरला, लांब धरला. उंबऱ्यावर बोट ठेवलं, मग कडीवर.

‘दार आमचंच. कडीसुद्धा आमचीच,’ त्या म्हणाल्या. ‘पण काय रे, इथं राहत कोण होतं?’

परतताना चौकटराव सिंहगड रस्ताभर गप्प होते. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा समोर एका गॅलरीत टॉवेल वाळत होते. त्यांच्याकडे ते हिरवा लागून मागचे हॉर्न वाजेपर्यंत बघत राहिले. मला वाटलं, लागलं बोलणं. माणूस बदलला.

पुढच्या रविवारी नारायण पेठेत भेटले. तेच जाकीट, तेच टेकलेले गुडघे, समोर तसाच कलंडलेला वाडा. शेजारी एक निळी प्लॅस्टिकची बादली, कोरी करकरीत, किमतीचं लेबल अजून तसंच.

‘बरं झालं आलात,’ ते म्हणाले. ‘ती पायरीवर ठेवा हो जरा. नाही, अशी नाही... थोडी घरगुती वाटली पाहिजे.’