बोटीचं वजन

मेलबर्न

ती. नाना व आई यांस,


बातमी अशी की तुमच्या चिरंजीवांनी बोट घेतली. जुनी, ॲल्युमिनियमची, पाचेक मीटरची, ट्रेलरसकट. आई, घाबरू नका, ती अजून अंगणातच उभी आहे. आमची गाडी तिला ओढेल की नाही यावरच घरात पानिपत चाललंय.

गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, ट्रेलरला ब्रेक असतील तर १५०० किलो ओढा. बोटीच्या माहितीपत्रकात वजन ४८० किलो. म्हणजे तिप्पट ताकद हाताशी, असा ह्यांचा हिशोब. मी पत्रक नीट वाचलं. ४८० किलो ही नुसती रिकामी खोळ! इंजिन १६५ किलोचं, ते वेगळं. ट्रेलर ३४०, तोही वेगळा. टाकीत १०० लिटर पेट्रोल, लिटरला पाऊण किलो धरा. बॅटरी, नांगर, साखळी, जॅकेटं, बर्फाची पेटी. प्यायला २० लिटर पाणी. हे म्हणाले, ‘पाण्याचं काय एवढं?’ भातसा-तानसा धरणांच्या तालुक्यात वाढून उन्हाळाभर डोक्यावर हंडे वाहिलेल्या बाईला हे सांगतात! लिटरला किलो, हे माझ्या मानेला पाठ आहे. वहीत बेरीज मांडली, ती अकराशे नव्वदवर गेली.

‘चढावर थोडी दमेल, एवढंच,’ इति चिरंजीव. नाना, ज्यांच्या वडिलांची नोकरी रेल्वेत, घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनावर झाली, त्यांनी हे बोलावं? ३७ फुटांत १ फूट चढणारा थळ घाट! तुम्ही म्हणायचात, ‘चढायचं काय, मागून बँकर लागतात. उतरताना लोड धरणार कोण?’ ब्रेक पॉवरचा दाखला पाहिल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही. इथेही भरलेला ट्रेलर ७५० किलोच्या वर गेला की त्याला स्वतःचे ब्रेक लागतात. आमच्या ट्रेलरला आहेत, पण हातात टॉर्च घेऊन ते मी तपासले. हे तेव्हा बोटीला रंग कुठला द्यावा ते बघत होते.

शेवटी वजनकाट्यावर गेलो. आपल्याकडे हायवेला ट्रक लावतात तसाच काटा. आधी ट्रेलर गाडीपासून सोडवून, पुढचं छोटं चाक टेकवून, एकटाच चढवला : १२६० किलो. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मग गाडीला जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर ठेवली : १२००. मधले ६० किलो कुठे गेले? गाडीच्या मागच्या हुकावर. तिथे एकूण वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे सव्वाशेच्या आसपास पडायला हवा. कमी पडला की ट्रेलर वेगात असताना शेपटीसारखा डावीउजवीकडे झोके घेतो आणि गाडीलाही फरफटतो. आमच्या बोटीचं सगळं सामान मागे, इंजिनापाशी रचलेलं होतं. म्हणजे १५००च्या आत बसूनही पंचाईतच.

मग बर्फाची पेटी, नांगर, साखळी, बॅटरी, पाणी, सगळं पुढे, बोटीच्या टोकाकडे हलवलं. तरी थोडं उणं होतं. आई, तुम्ही लग्नात दिलेला लोखंडी खलबत्ता तिथे ठेवला. बत्त्यासकट. विमानात त्याच्यापायी दंड भरला म्हणून तुमचे चिरंजीव वर्षानुवर्षं कुरकुरत होते, ते आता त्याला फडक्यात गुंडाळून निजवतात. पुन्हा काट्यावर जाऊन पाहिलं : हुकावर १२०. चालेल.

आता मसाला कुटायचा झाला की मला बोटीत चढावं लागतं.

दिवाळीचा फराळ पाठवाल तेव्हा डब्यावर वजन लिहा. हे चकल्या बोटीत नेणार म्हणतात, आणि मला ते वहीत चढवावं लागेल.

आपली सून