कोरडं वजन

"गाडी सहा सिलिंडरची हवी," असं मी जेवताना बोलून गेलो आणि घास गिळायच्या आत चूक लक्षात आली. आमच्या घरात सिलिंडर या शब्दाला एकच अर्थ आहे.

"सहा?" हिने आमटीचा डाव हातातच धरून विचारलं. "2012 साली सरकारने सवलतीचे सिलिंडर वर्षाला सहावर आणले होते, तेव्हा मी अंघोळीचं पाणी चुलीवर तापवून संसार रेटला. आता तुमच्या गाडीला सहा?"

गाडी माझी नव्हती, भाच्याची होती. तो मिशिगनमध्ये असतो. मागच्या वर्षी दीड महिना त्याच्याकडे राहून आलो. त्याच्याकडे फोर्डची एफ-150 पिकअप आहे, साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन असलेली. शनिवारी तो तिच्या मागे हुकाला एक खोली अडकवतो. खोली म्हणजे खरोखरच खोली. आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास. एखाद्या तळ्याकाठी न्यायची, हुक सोडायचा, दोन दिवस राहायचं आणि पुन्हा अडकवून घरी. त्या खोलीच्या पायरीवर बसून मी चहा प्यालो आणि चहा संपेपर्यंत मनाने रत्नागिरीला पोचलोसुद्धा. पिकअप तर आपल्याकडेही आहे! आंब्याच्या पेट्या वाहायला घेतलेली बोलेरो. हंगाम संपला की ती कलमांखाली पालापाचोळा झेलत उभी असते. तिच्यामागे अशी एक खोली लावली की गणपतीपुळे काय, हर्णै काय, सगळा किनारा आपला. लॉजवाल्यांचं "रूम फुल्ल आहेत" ऐकायला नको.

भाचा इंजिनिअर. त्याने मला निघायच्या आदल्या रात्री शिकवणीला बसवलं. "मामा, जाहिरातीत ट्रेलरचं कोरडं वजन छापतात. त्यात पाणी नसतं, गाद्या नसतात, भांडी नसतात, मामी नसते. त्या आकड्यावर जाऊ नकोस." मग म्हणाला, गाडी एकटी किती ओढते एवढं पाहून भागत नाही, गाडी, ट्रेलर, माणसं, सामान सगळं मिळून किती, हेही पाहायचं. ट्रेलर जड असेल तर त्याला स्वतःचे ब्रेक हवेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्रेलरच्या भरल्या वजनाचे 10 ते 15 टक्के हुकावर दाबून बसले पाहिजेत. ह्याला तिकडे जिभेवरचं वजन म्हणतात. ते कमी पडलं की ट्रेलर मागे शेपटीसारखा हलायला लागतो, जास्त झालं की गाडीचं बूड बसतं आणि तोंड वर होतं.

मी हे सगळं डायरीत उतरवून घेतलं. बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस टक्के विसरत नाही. कशाचे टक्के, ते विसरतो.

इकडे आल्यावर चौकशी केली तर आपल्याकडच्या पिकअपमध्ये सहा सिलिंडरची गोष्टच निघेना. माझ्या बोलेरोला चार. टोयोटाची भारीतली हायलक्स, तिलाही चारच. 2005 साली आलेला टाटाचा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, तो तर दोन सिलिंडरवर अख्ख्या महाराष्ट्राचं सामान वाहत आलाय. तेव्हा गाडीला साजेल असा ट्रेलर लहान करणं आलं. मी त्रैराशिक मांडलं. सहा सिलिंडरला भाच्याचा 2700 किलोचा ट्रेलर, तर चार सिलिंडरला किती? उत्तर 1800. चोख उत्तर. भाच्याच्या गाडीचे घोडे चारशे आणि माझ्या गाडीचे पाऊणशे, हे त्रैराशिकात घेतलं असतं तर उत्तर पाचशेच्या आसपास आलं असतं. पण मला सिलिंडरचं गणित आवडलं होतं.

कायद्याचं मात्र वाचलं. 1988च्या मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' या शब्दात ट्रेलरही येतो. म्हणजे ज्याला मोटार नाही तेही मोटार वाहन, आणि त्याचीही वेगळी नोंदणी लागते. आपल्या राज्याने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचं कात्रणसुद्धा मी फाइलला लावलं. फाइल झाली की मला काम झाल्यासारखं वाटतं. ही बँकेची सवय.

तयार ट्रेलर परवडणारा नव्हता. एका वेल्डरला गाठलं. जुन्या ट्रॉलीचा एक आख, त्यावर अँगलचा सांगाडा, बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड. माणूस कामाचा होता आणि कमी बोलणारा. त्याने सगळ्या कामात एकच प्रश्न विचारला, "पाण्याची टाकी पुढे घेऊ ना?"

"छे! पुढे मला खिडकी हवी. समुद्र दिसला पाहिजे. टाकी मागे."

तो काही क्षण माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने काच डोळ्यांवर ओढली. पाचशे लिटरची टाकी आखाच्या मागे, थेट शेवटच्या भिंतीला लागली.

मे महिनाअखेर शेवटच्या पेट्या वाशीला गेल्या आणि आम्ही चाचणीला निघालो. नंबर मिळायच्या आधी रस्त्यावर आणायला नको होता. ती अक्कल नंतर आली. रस्ता आरे-वारेचा. साखरतरचा पूल, काळबादेवी, बसणी सगळं सुरळीत. ट्रेलर मागे थोडा डुलत होता. "हत्तीसारखा चालतोय नाही?" मी म्हणालो. ही म्हणाली, "प्यायलेल्या."

आरे संपलं की रस्ता डोंगराच्या कडेने चढतो आणि डावीकडे समुद्र उघडतो. लोक तिथे फोटोसाठी थांबतात. मी न ठरवता थांबलो. इंजिन ओरडत होतं, मागची चाकं गरागरा फिरत होती, खडी उडत होती, क्लच जळल्याचा वास समुद्राच्या वासात मिसळत होता आणि गाडी जागची हलत नव्हती. हँडब्रेक ओढून खाली उतरलो. हिने तोवर ट्रेलरच्या चाकांमागे दोन दगड लावलेसुद्धा. मग पाहिलं, तर पिकअपचं बूड वीतभर वर उचललेलं. रिकामा हौदा आभाळाकडे, आणि ट्रेलर मागच्या बाजूला टेकलेला, जेवून भिंतीला रेलावं तसा. पाचशे किलो पाणी त्याला मागे ओढत होतं, तो हुकाला वर ओढत होता आणि हुक माझ्या गाडीला. जिभेवरचं वजन उणे होतं. माझ्या जिभेवर तर शब्दच नव्हता.

पुण्याच्या नंबरप्लेटची दोन कुटुंबं समुद्राकडे पाठ करून आमचे फोटो काढू लागली.

वरून छोटा हत्ती उतरला. मागे गॅसचे सिलिंडर खणखणत होते. विशी-बाविशीचा पोरगा उतरला, ट्रेलरभोवती एक फेरी मारली, भिंतीवर बोटाने वाजवून पाहिलं.

"काका, आत पानी हाय काय?"

"आहे. पाचशे लिटर."

"मंग सोडा ना पानी!"

"सोडलं," ही म्हणाली. "मी तर वेल्डरला पैसे दिलेत तेव्हाच सोडलं."

तोटी उघडली. अर्धा तास पाणी वाहिलं. उतारावरच्या लाल मातीतून त्याचा ओहळ खाली आऱ्याकडे निघाला. आणि पिकअपचं बूड इंचाइंचाने खाली बसत गेलं. पोरगा वाकून बघत होता. चाकं जमिनीला नीट टेकली तसा म्हणाला, "आता हौद्यात जरा दगड टाका." चार चिरे टाकले. गाडी पहिल्या गियरमध्ये कुरकुर न करता चढली. दोन सिलिंडरवाल्याने चार सिलिंडरवाल्याला वाट दाखवली आणि तीसेक सिलिंडर घेऊन उतरून गेला. "सहाचं काय झालं?" असं हिने गणपतीपुळ्यापर्यंत तीनदा विचारलं.

गणपतीपुळ्याला पोचलो, पण ट्रेलरमध्ये पाणी नाही. म्हणून लॉजमध्ये खोली घ्यावी लागली. पार्किंगचे पैसे दोन गाड्यांचे लागले. ट्रेलरही मोटार वाहनच, हे मीच मॅनेजरला सांगून बसलो होतो.

भाच्याला फोन केला. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. एवढंच म्हणाला, "मामा, तू वजन बरोबर काढलंस, फक्त ठेवलंस चुकीच्या जागी." 1800चं त्रैराशिक मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

आता ट्रेलर बागेत उभा आहे. हंगामात माकडं हाकायला येणारा गुरखा त्यात राहतो, भात शिजवतो, रात्री गाणी लावतो. वाडीतल्या पोरांनी त्याला 'थिबा पॅलेस' नाव ठेवलंय. ब्रह्मदेशाचा हद्दपार केलेला थिबा राजा 1886 साली रत्नागिरीत आला आणि 1916 मध्ये इथेच वारला. माझा ट्रेलरही इथून हलेल असं त्यांना वाटत नाही. चाकं काढून चिऱ्यांवर बसवलाय. टाकी तेवढी मी पुढे हलवून घेतली, खिडकीच्या जागी.