दान्ते वाचू इच्छिणाऱ्यांस सूचना

सर्वप्रथम आपले वय तपासावे. 'डिव्हाइन कॉमेडी' या काव्याचा नायक, म्हणजे कवी दान्ते स्वतः, अंधाऱ्या रानात वाट चुकतो तेव्हा पस्तिशीचा आहे. साल १३००, गुड फ्रायडेच्या आदली रात्र. आपली पस्तिशी उलटली असली तरी बिघडत नाही. वाट चुकायला वयाची अट नाही.

'डिव्हाइन कॉमेडी'चे मुक्काम तीन: नरक, शुद्धीचा डोंगर आणि स्वर्ग. एकूण १०० सर्ग, १४,२३३ ओळी. पुष्कळ वाचक पहिल्याच मुक्कामाला बिऱ्हाड थाटतात आणि जन्मभर 'दान्ते वाचलाय' म्हणून सांगतात. चारचौघांत हे खपते. मुंबईकरांनी मात्र एशियाटिक सोसायटीत या काव्याची जुनी हस्तलिखित प्रत आहे असे ऐकून तीच घरी न्यायला मागू नये. एखादा बरा इंग्रजी अनुवाद पुरे.

तळटीपा पहिल्या वाचनात हाताने झाकाव्यात. नाहीतर फ्लॉरेन्सच्या ग्वेल्फ पक्षातले काळे कोण नि पांढरे कोण, यातच पावसाळा जाईल. एवढे ध्यानात ठेवावे की १३०२ मध्ये काळ्यांनी पांढऱ्यांना गावाबाहेर काढले आणि दान्ते पांढऱ्यांतला होता. पदावर असताना पैसे खाल्ल्याचा आरोप, हाती लागला तर जिवंत जाळायची शिक्षा. तो पुन्हा घरी आला नाही. १३२१ मध्ये राव्हेन्नात वारला.

आता वही काढावी, कारण नरकात सूड कसा घ्यावा याचे उत्तम शिक्षण मिळते. पोप बोनिफेस आठवा हा दान्तेच्या मते सगळ्या अनर्थाचे मूळ. पण १३०० साली तो जिवंत, त्याला नरकात घालणार कसा? आठव्या वर्तुळात धर्मपदांचा बाजार मांडणारे पोप डोके खाली, तळपाय पेटलेले, असे खड्ड्यात रोवलेले आहेत. त्यातला निकोलस तिसरा दान्तेचा आवाज ऐकून ओरडतो: बोनिफेस, इतक्यात आलास? झाले, माणूस यायच्या आधी जागा राखून ठेवली. ब्रांका दोरिया या घातकी सरदाराच्या बाबतीत तर दान्तेने तेवढाही धीर धरलेला नाही. त्याचा आत्मा तळाच्या बर्फात गोठलाय आणि वर देह आपला खातोय, पितोय, झोपतोय. लाच खाणाऱ्यांना उकळत्या डांबरात बुडवलेय. हा तर खुद्द दान्तेवरचाच आरोप, म्हणून तिथे गंभीर चेहऱ्याची अपेक्षा बाळगणाऱ्यांनी सावध राहावे: पहाऱ्यावरच्या सैतानांचा म्होरक्या ढुंगणाने बिगूल वाजवतो.

इथवर मजा येते. पुढची सूचना अवघड आहे. ज्यांच्यावर राग धरता येत नाही अशी माणसेही दान्तेने याच नरकात घातली आहेत. वादळात भिरभिरणारी फ्रान्चेस्का आपल्या प्रेमाची हकीकत सांगते आणि ऐकणारा दान्ते बेशुद्ध पडतो. आगीच्या पावसात धावणारा ब्रुनेत्तो लातिनी भेटतो, ज्याच्याकडून तो शिकला, ज्याला तो वडिलांच्या जागी मानतो. त्याच्या बाजूने दान्ते मान खाली घालून चालतो. त्यांना तिथे टाकले कोणी, असे विचारून पाहावे. सहानुभूती नायकाची, निवाडा कवीचा, आणि दोघे एकच. माझ्या मते नरकात पाहण्यासारखे हेच. शिक्षांचे तक्ते पाठ करणाऱ्यांच्या हातून नेमके हे निसटते.

शुद्धीचा डोंगर टाळू नये. तो जेरुसलेमच्या बरोबर खाली, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला समुद्रातून वर आलाय, आणि तिथे सूर्य उगवतो, याचेच केवढे बरे वाटते! पायथ्याला दान्तेचा मित्र बेलाक्वा खडकाच्या सावलीत गुडघ्यांत डोके घालून बसलेला आढळेल. आळशीपणाने पश्चात्ताप लांबवला, म्हणून जितके आयुष्य काढले तितकेच आता इथे काढायचे. चढण्याची त्याला घाई नाही. ज्यांना हा गृहस्थ ओळखीचा वाटेल त्यांनी दोन दिवस तिथेच टेकावे.

माथ्यावर दान्तेची प्रिया बेआत्रिचे येते. प्रेमप्रसंगाच्या आशेने इथवर आलेल्यांनी कळवळू नये. ती आल्या आल्या दान्तेला झापते. त्याच सुमारास तो मागे वळून पाहतो, तर इथवरचा वाटाड्या, रोमन कवी व्हर्जिल, नाहीसा झालेला.

स्वर्गात दुसऱ्याच सर्गात कवी बजावतो की लहान होड्यांतून मागोमाग आलेल्यांनी आपापला किनारा गाठावा. ही सूचना पाळू नये, जरी लगेच चंद्रावरच्या डागांवर लांबलचक व्याख्यान होत असले तरी. वाटल्यास ते गाळून एकोणिसाव्या सर्गावर यावे, तिथे आपलेच प्रकरण निघते. सिंधूकाठी जन्मलेला एक भला माणूस, ज्याच्या कानी ख्रिस्ताचे नावही कोणी घातले नाही, तो बाप्तिस्म्यावाचून मेला तर त्याचा दोष काय? न्यायी राजांच्या आत्म्यांनी बनलेला गरुड उत्तर देण्याऐवजी दटावतो: हजार मैलांवरून निवाडा करणारा तू कोण? आणि पुढच्याच सर्गात तो आपल्या भुवईतले आत्मे दाखवतो, तर त्यांत रिफियस नावाचा ट्रॉयचा एक योद्धा, ख्रिस्ताच्या कितीतरी आधीचा. हा रिफियस जगाला ठाऊक आहे तो व्हर्जिलच्या 'ईनिड'मधल्या चार-दोन ओळींमुळे. पात्र स्वर्गात, आणि ते लिहिणारा, आपल्याला दोन मुक्काम सांभाळून आणणारा व्हर्जिल खाली, बाप्तिस्मा न झालेल्यांत, कायमचा. इथे पुस्तक मिटून दान्तेशी कडाडून भांडायला मुभा आहे. भांडून झाल्यावर पुन्हा उघडावे. अजून तेरा सर्ग बाकी आहेत.