एकवीस जिलब्या

सांगलीला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीला जिलबी-मठ्ठा आहे ही बातमी मला आठवडाभर आधी लागली होती. पूर्वतयारी म्हणून मी पानावर बसण्याआधी पेलाभर पाण्यात खायचा सोडा ढवळून प्यायलो. पोटातलं आम्ल आधीच मारून टाकलं की जिलबीला जागा मोकळी, हे माझं शास्त्र. (अकरावीत जीवशास्त्र सोडलं होतं.)

सातव्या जिलबीला बायको 'पुरे' म्हणाली. बाराव्या जिलबीला तिने कोपर मारलं. मी एकविसावी संपवली, कारण समोरच्या व्याह्यांनी वीस खाल्ल्या होत्या.

रात्री अडीच वाजता मी कार्यालयाच्या जिन्यात छाती चोळत बसलो होतो. सोबतीला भाचा. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणजे ज्ञान ताजं आणि दया कमी.

"मामा, तुम्ही सोमॅटोस्टॅटिनला झोपवलंत!"

मला वाटलं, मुलाकडचे कुणी दुखावले गेले.

ते निघालं संप्रेरक. जठराच्या खालच्या टोकाला डी-पेशी असतात. आम्ल वाढलं की त्या हे सोडतात. शेजारच्या जी-पेशी गॅस्ट्रिन सोडून 'आम्ल येऊ द्या' असा आग्रह करत असतात, म्हणजे जठरातले वाढपीच. सोमॅटोस्टॅटिन त्यांना आवरतं. मी सोड्याने आम्ल मारल्यावर डी-पेशींना वाटलं, सगळं आलबेल आहे. त्या गप्प, वाढपी मोकाट. त्यात सोडा आणि आम्ल मिळून झालेला कार्बन डायऑक्साइड एकवीस जिलब्यांना खालून ढोसत होता. शिवाय जेवणाच्या नुसत्या वासानेही व्हेगस मज्जातंतू डी-पेशींना दाबतो म्हणे. हे ऐकून मला जरा बरं वाटलं. थोडा दोष आचाऱ्याकडे गेला.

"पण 'पुरे' नुसतं म्हणून भागत नाही," भाचा म्हणाला. "ते ऐकायला पेशीवर रिसेप्टर लागतो. सोमॅटोस्टॅटिनचे पाच प्रकारचे आहेत. जठरात मुख्य काम दुसऱ्या नंबरचं."

"यांच्या कानात एकही नाही," जिन्यावरून आवाज आला. बायको ताक घेऊन उभी होती.

या संप्रेरकाचा शोधही गमतीचा. १९७३ साली कॅलिफोर्नियाच्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये रॉजर गिलमँ यांच्या प्रयोगशाळेत मेंढ्यांच्या मेंदूत वाढीच्या संप्रेरकाला चालना देणारा पदार्थ शोधत होते. हाती लागला तो वाढ रोखणारा. पुढे कळलं की तो जठरात आणि स्वादुपिंडातही आहे, इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन दोघांनाही लगाम घालतो आणि पित्ताशयाचं आकुंचनही रोखतो. एवढा कारभार, आणि रक्तात तो टिकतो जेमतेम दोन-तीन मिनिटं. म्हणून ऑक्ट्रिओटाइड हे औषध बनवलं. ते तासा-दीड तासाने निम्मं होतं.

"मग मला एक टोच की!"

"मामा, ते अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्तस्राव झाला तर देतात. काही गाठींवर देतात. जिलबीवर नाही. आणि फार दिवस घेतलं तर पित्ताशयात खडे होतात."

मी निमूट ताक प्यायलो.

पुढच्या रविवारी मिरजेला बारसं आहे. मेन्यू कळला आहे, बासुंदी. सोड्याचा डबा मात्र घरात कुठेच सापडत नाही.